प्रोस्टेटचे ऑपरेशन आणि ‘ताकद’ : न विचारलेला प्रश्न

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका निवृत्त शिक्षकांचे प्रोस्टेटचे ऑपरेशन मी केले होते. महिन्याभराने ते तपासणीसाठी आले. लघवीची धार छान सुटली होती. पूर्वी रात्री पाच-सहा वेळा उठावे लागे, ते आता एकावर आले होते. मी मनातून खूष होतो. पण गुरुजींचा चेहरा उतरलेला. चिठ्ठी हातात घेतली तरी खुर्चीवरून उठेनात. बरोबर आलेल्या मुलाला त्यांनी “जा, रिक्षा बघ” म्हणून बाहेर पाठवले आणि खाली मान घालून विचारले, “डॉक्टर, लघवी मोकळी झाली हे खरे. पण बाकीचे सगळे संपले असे समजायचे का?”

मी एकेक विचारत गेलो. इच्छा होते का? होते. ताठरता येते का? येते. शेवटचे सुख मिळते का? “मिळते, पण धातू पडतच नाही हो. एक थेंबही नाही. ऑपरेशनमध्ये आटला बहुतेक.”

त्या दिवसापासून गुरुजींनी आपले अंथरूण बाहेर पडवीत नेले होते. पत्नीला कारण सांगितले नव्हते. त्या माउलीचा समज असा की, आपलेच काही चुकले म्हणून हे रागावले आहेत. एकाच घरात दोन माणसे महिनाभर अबोल्यात होती, आणि कारण काय, तर शरीरात घडलेला एक साधा, निरुपद्रवी बदल.

मी चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढून पाच मिनिटांत त्यांना सगळे समजावले. गुरुजींनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “डॉक्टर, हे ऑपरेशनच्या आधी का नाही सांगितलेत?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. रक्तस्राव, भूल, खर्च, नळी किती दिवस राहील हे सर्व मी सांगितले होते. हे मात्र सांगितले नव्हते. पासष्टीच्या माणसाला आता याचे काय, असे मी परस्पर ठरवून टाकले होते. चूक माझी होती. त्यानंतर मी प्रत्येक रुग्णाला हे आधी सांगतो. आजचा लेख म्हणजे तीच पाच मिनिटे, जरा सविस्तर.

नावाने केलेला घोटाळा

प्रोस्टेटला आपल्याकडे ‘पौरुषग्रंथी’ असे भारदस्त नाव आहे. घोटाळा इथूनच सुरू होतो. पौरुषग्रंथी काढली की पौरुष गेले, असा सरळ हिशेब लोक करतात. प्रत्यक्षात पुरुषाची ताकद या ग्रंथीत साठवलेली नसते.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती बसलेली असते. तरुणपणी तिचा आकार साधारण अक्रोडाएवढा आणि वजन सुमारे २० ग्रॅम असते. वीर्यातील काही भाग द्रव तयार करणे हे तिचे काम. पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांमध्ये ती हळूहळू वाढू लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. केस पांढरे व्हावेत तशी ती वयाबरोबर येते. मात्र ग्रंथीच्या मधून लघवीची नळी जात असल्याने, आतला भाग वाढला की नळी दाबली जाते. मग धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही आणि रात्रीची झोप मोडते.

पुरुषाच्या कामजीवनात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. लोक त्यांना एकाच ‘ताकद’ या शब्दात बांधतात. त्या सुट्या करून पाहू.

पहिली गोष्ट इच्छा. ती मनावर आणि अंडकोषात तयार होणाऱ्या हार्मोनवर अवलंबून असते. दुसरी ताठरता. ती रक्तवाहिन्या आणि नसा यांवर अवलंबून असते. तिसरी गोष्ट शेवटी मिळणारे सुख. त्याची जाणीव मेंदूत होते. चौथी, वीर्य बाहेर पडणे. वाढलेल्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनने मुख्यतः ही चौथी गोष्ट बदलते. पहिल्या तीन बहुतेकांमध्ये जशा होत्या तशाच राहतात.

ऑपरेशनमध्ये नेमके काय काढतात?

आज सर्रास होणारे ऑपरेशन दुर्बिणीतून होते. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात. लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून, ग्रंथीचा आतला वाढलेला भाग तासून काढतात. पोटावर टाका नाही. दोन-तीन दिवस लघवीची नळी राहते. लेसरने करतात तेही याच वाटेने.

हे समजायला नागपुरी संत्रे डोळ्यांसमोर आणा. साल तशीच ठेवून आतल्या फोडी काढल्या, तर संत्र्याचा बाहेरचा आकार कायम राहतो. आम्ही आतल्या फोडी काढतो, साल जागेवरच राहते. ताठरतेच्या नसा या सालीच्या बाहेरून, दोन्ही अंगांनी जातात. अमेरिकेचे डॉ. पॅट्रिक वॉल्श आणि हॉलंडचे डॉ. पीटर डोंकर यांनी १९८२ साली या नसांचा नेमका मार्ग दाखवून दिला. ऑपरेशन आतल्या भागात होते, नसा बाहेर असतात. म्हणून त्या सहसा शाबूत राहतात.

अंडकोषांना तर या ऑपरेशनमध्ये हातही लागत नाही. हार्मोन पूर्वीसारखेच तयार होते. आवाज, दाढी-मिशा, अंगातील जोर, यात काहीही फरक पडत नाही. नसबंदीच्या वेळीही अनेकांच्या मनात हीच भीती होती, आणि तीही अशीच निराधार होती.

मग वीर्य जाते कुठे?

वीर्य आटत नाही. ते वाट बदलते.

मूत्राशयाच्या तोंडाशी स्नायूंचे एक कडे असते. ते दारासारखे काम करते. वीर्य सुटण्याच्या क्षणी हे दार आपोआप घट्ट मिटते, म्हणून वीर्याला पुढे जाण्यावाचून गत्यंतर नसते. ऑपरेशनमध्ये लघवीचा मार्ग मोकळा करताना हे दारही रुंद होते आणि नंतर पूर्ण मिटत नाही. शेताला पाणी देताना पाटाची एक बाजू फुटली, तर पाणी सोप्या वाटेने वळते. तसेच वीर्य पुढे येण्याऐवजी मागे मूत्राशयात जाते. पुढच्या लघवीबरोबर ते बाहेर पडते. त्या वेळी लघवी जराशी गढूळ दिसली, तर घाबरू नये.

याने मूत्राशयाला किंवा मूत्रपिंडाला काही इजा होत नाही. विष साचत नाही, अशक्तपणा येत नाही. सुखाचा क्षण येतो. फक्त काही जणांना तो पूर्वीपेक्षा थोडा वेगळा किंवा कमी जोरकस वाटतो. बहुतेकांना काही दिवसांत त्याची सवय होते. काहींना मात्र ही उणीव खटकत राहते. त्यांचे खटकणे खोटे नाही, म्हणूनच ते आधी माहीत असायला हवे.

दुर्बिणीच्या नेहमीच्या ऑपरेशननंतर १०० पैकी सुमारे ६५ ते ७५ पुरुषांमध्ये हा बदल होतो. म्हणजे तो अपवाद नव्हे, तोच नियम आहे. आणि हा बदल बहुधा कायमचा असतो. तो उलटवणारे खात्रीचे औषध नाही, आणि प्रकृतीच्या दृष्टीने त्याची गरजही नाही.

ताठरतेचे काय?

यावर अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये ५५६ पुरुषांवर केलेला एक मोठा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. प्रोस्टेटचा मध्यम त्रास असलेल्या या पुरुषांचे दोन गट केले. एका गटाचे दुर्बिणीतून ऑपरेशन केले, दुसऱ्या गटाला नुसते देखरेखीखाली ठेवले. सुमारे तीन वर्षे पाठपुरावा केल्यावर, ऑपरेशनमुळे नपुंसकत्व वाढल्याचे आढळले नाही.

याचा अर्थ ऑपरेशननंतर कोणाचीच ताठरता कमी होत नाही, असा मात्र नाही. थोड्या जणांची ती कमी होते, आणि हे मी रुग्णांना स्पष्ट सांगतो. पण त्यामागे बहुतेक वेळा इतर कारणेही असतात. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, विडी-सिगारेट, दारू, काही औषधे आणि खुद्द वाढते वय. जी रक्तवाहिनी हृदयात चोंदते, तशीच बारीक रक्तवाहिनी इथेही चोंदते. म्हणून ताठरता कमी झाली तर नुसते ऑपरेशनला दोष देऊन गप्प बसू नका. साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. कधी कधी ही हृदयविकाराची आगाऊ सूचना असते.

भीतीनेही ताठरता जाते, हे विसरू नये. ‘आता आपले संपले’ असे मनाने घेतले की शरीर त्याला साथ देते. उलट, रोज रात्रीची झोपमोड आणि लघवीचा त्रास थांबल्यावर काही जोडप्यांचे सहजीवन पूर्वीपेक्षा सुधारलेलेही मी पाहिले आहे. मात्र आधीपासूनच ताठरता कमी असेल, तर प्रोस्टेटच्या ऑपरेशनने ती परत येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

भीतीची किंमत

गुरुजींना न सांगितल्याने त्रास झाला. दुसऱ्या एका रुग्णाला चुकीचे सांगितल्याने झाला. हे शेतकरी काका, वय सत्तरीच्या आसपास. सोनोग्राफीत लघवी साचून राहत असल्याचे दिसले होते, गोळ्यांनी उतार नव्हता. मी ऑपरेशन सुचवले. गावात पारावर कोणीतरी सांगितले, “ते ऑपरेशन केले की माणूस कामातून जातो.” काका परत आले नाहीत.

दीड-दोन वर्षांनी एका मध्यरात्री त्यांना जीपमध्ये घालून आणले. लघवी पूर्ण तुंबलेली, ओटीपोट बेंबीपर्यंत फुगलेले. नळी घातल्यावर लिटरभराहून जास्त लघवी निघाली. तपासणीत दोन्ही मूत्रपिंडे सुजलेली, रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले. तब्येत सावरल्यावर ऑपरेशन करावेच लागले. लघवी सुटली, पण मूत्रपिंडे पूर्णपणे पूर्वपदावर आली नाहीत. आज ते पथ्यावर आणि औषधांवर आहेत. ज्या ‘ताकदी’साठी त्यांनी ऑपरेशन टाळले, ती त्या काळात राहिलीच नव्हती, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितले.

वाढलेल्या प्रत्येक प्रोस्टेटला ऑपरेशन लागत नाही. त्रास बेताचा असेल तर नुसते लक्ष ठेवून किंवा गोळ्यांवर भागते. पण लघवी वारंवार तुंबणे, मूत्राशयात खडा होणे, वारंवार जंतुसंसर्ग होणे, लघवीतून पुन्हा पुन्हा रक्त जाणे किंवा मूत्रपिंडांवर ताण येणे, ही लक्षणे असतील तर ऑपरेशन लांबवू नये.

गोळ्यांचाही या बाबतीत परिणाम होतो, हे फार जणांना ठाऊक नसते. टॅमसुलोसिन आणि विशेषतः सिलोडोसिन या गोळ्यांनी वीर्य कमी येते किंवा येतच नाही. गोळी बंद केली की ते पूर्ववत होते. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड या गोळ्यांनी काहींची इच्छा किंवा ताठरता कमी होऊ शकते. असे झाल्यास परस्पर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगावे. पर्याय असतात.

अलीकडे काही नवे उपचारही आले आहेत. एकात बारीक क्लिपा लावून ग्रंथीचे पाखे बाजूला ओढून धरतात, दुसऱ्यात पाण्याच्या वाफेने वाढलेला भाग आक्रसवतात. यांत वीर्य पुढे येण्याची क्रिया बहुतेकांमध्ये टिकते. परंतु फार मोठ्या ग्रंथीला ते सहसा चालत नाहीत, खर्च जास्त असतो, सर्वत्र सोय नसते आणि लघवीचा मार्ग नेहमीच्या ऑपरेशनइतका मोकळा होत नाही. ज्याला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, त्याने शस्त्रक्रियेपूर्वी विचारावे. लेसरमुळे वीर्याची वाट बदलत नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. लेसरने आतला भाग पूर्ण काढला तरी हा बदल होतोच.

नेहमीच्या काही शंका

*ऑपरेशननंतर संबंध कधी सुरू करावा?* साधारण चार ते सहा आठवड्यांनी. आतली जखम भरायला एवढा वेळ लागतो. तोवर जड ओझे उचलणे, सायकल-मोटारसायकल चालवणे, शौचाला कुंथणे टाळावे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत लघवीत थोडा लालसरपणा दिसू शकतो. मात्र गाठी पडू लागल्या, लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला, तर लगेच दवाखाना गाठावा.

*मूल हवे असेल तर?* वीर्य मागे गेल्याने नैसर्गिकरीत्या गर्भधारणा होणे अवघड होते. अपत्य हवे असलेल्याने ऑपरेशनच्या आधीच हे डॉक्टरांना सांगावे. वीर्य आधी साठवून ठेवता येते, नंतर लघवीतून शुक्रजंतू वेगळे काढण्याचे तंत्रही आहे. उलट, मूल नको असेल तर हे ऑपरेशन म्हणजे संततिनियमन नव्हे, हेही लक्षात ठेवावे. काहींचे थोडे वीर्य पुढे येतच असते.

*ताठरतेसाठी गोळ्या घ्याव्यात का?* सिल्डेनाफिल, टॅडालाफिल या गोळ्यांचा अनेकांना उपयोग होतो. पण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. छातीत दुखते म्हणून जिभेखाली ठेवायची किंवा रोजची नायट्रेटची गोळी जे घेतात, त्यांनी या गोळ्यांना हातही लावू नये. रक्तदाब एकदम उतरून जिवावर बेतते. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांबरोबरही चक्कर येऊ शकते, म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवा. भिंतींवर जाहिराती असलेल्या ‘ताकदी’च्या पुड्या घेऊ नका. त्यांत काय मिसळले आहे, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

*प्रोस्टेटच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले असेल तर?* ते ऑपरेशन वेगळे. त्यात संत्रे सालीसकट काढतात. वीर्य येणे पूर्ण बंद होते आणि नसांना धक्का बसून ताठरता जाण्याची शक्यताही बरीच असते. कर्करोगाचा फैलाव नसेल तेव्हा नसा वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. शेजाऱ्याचा अनुभव आपल्याला लावण्यापूर्वी त्याचे नेमके कोणते ऑपरेशन झाले होते, हे विचारा. पारावरच्या बऱ्याचशा भीतीचे मूळ या दोन ऑपरेशनांच्या गल्लतीत आहे.

ऑपरेशनआधी एवढे करा

सध्या ताठरता कशी आहे हे डॉक्टरांना खरे सांगा, म्हणजे नंतरचा बदल कशामुळे झाला ते कळते. साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणा. तंबाखू सोडा. शक्य असेल तर बोलणे होईल तेव्हा पत्नीला बरोबर घ्या. मुलगा-सून समोर असताना हा प्रश्न तोंडातून निघणार नाही, म्हणून त्यांना थोडा वेळ बाहेर बसवा. आणि सरळ विचारा, “डॉक्टर, यानंतर आमच्या संबंधांमध्ये काय फरक पडेल?” या प्रश्नात लाजण्यासारखे काही नाही. साठीनंतर नवरा-बायकोने एकमेकांजवळ असावे, यात वावगे काय आहे?

गुरुजी त्या दिवशी घरी गेले आणि त्यांनी पत्नीला ते चिठ्ठीमागचे चित्र दाखवले. पुढच्या खेपेला दोघे बरोबर आले. बाई एवढेच म्हणाल्या, “ह्यांनी आधी सांगितले असते, तर मी काय म्हणणार होते?” अंथरूण पडवीतून केव्हाच आत आले होते.

तुमचे किंवा घरातील कोणाचे हे ऑपरेशन ठरले असेल, तर हे कात्रण जपून ठेवा. डॉक्टरांसमोर शब्द फुटले नाहीत, तर ते त्यांच्या टेबलावर ठेवा. पुढचे बोलणे त्यांनी करायचे आहे. ते त्यांचे कामच आहे.